क्लोनांचं गोत्र

आमच्या घरात रविवारला काडीची किंमत नव्हती. काशीत ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं घर. बाबा वेद शिकवायचे, आणि शिकणारे विद्यार्थी आमच्याकडेच राहायचे, जेवायचे, भांडायचे. त्यांची सुट्टी तिथीवर चाले. अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या आणि प्रतिपदा हे अनध्याय, म्हणजे त्या दिवशी शिकवणं बंद. प्रतिपदेला शिकलेली विद्या पातळ होते, असं बाबा सांगत. माझी शाळा मात्र रविवार धरून बसलेली. त्यामुळे मी घरी मोकळी असले की विद्यार्थ्यांचा घोष चालू, आणि घरात धुमाकूळ चालू असला की मी शाळेत पहाडे म्हणत बसलेली. हा अन्याय मी कधी मुकाट्याने सोसला नाही. अनध्यायाच्या दिवशी शाळा सुटली की गल्लीतून अशी धावत सुटायचे की वाटेतल्या गाई आपणहून बाजूला होत.

त्या हिवाळ्यात धावण्याचं कारण होतं दादाचा खोका. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. आतोबा रेल्वेत, त्यामुळे ते लोक कँट स्टेशनकडे क्वार्टरमध्ये राहत. दादा इंग्रजी शाळेत दहावीला होता आणि त्याचा त्याला फार माज होता. त्याच्या काकाने अमेरिकेहून एक खेळ आणला होता. रेल्वे कॉलनीतल्या पोरांना क्रिकेटखेरीज काही सुचत नसे, म्हणून आमचे अनध्याय हेरून तो खोका सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचा. आत आकाशाचा एक मोठा पुठ्ठ्याचा नकाशा, फासे, आणि प्लॅस्टिकच्या बोटभर बाहुल्या. भविष्यकाळातल्या चार जमाती, चौघींत मधल्या ताऱ्यासाठी युद्ध. बाबांनी खोका पहिल्यांदा पाहिला तेव्हा एवढंच विचारलं, "यात द्यूत आहे का?"

"फासे आहेत मामा, पण लावायचं काही नाही," दादा म्हणाला.

"मग हरकत नाही. फक्त जेवणाच्या वेळी आकाश गुंडाळून ठेवा."

लोखंडी माणसं दादाने आधीच स्वतःला घेतली होती. व्यापारी आणि खाणवाले विद्यार्थ्यांनी वाटून घेतले. उरले ते मला. त्यांचं एकच तोंड. वीस-पंचवीस बाहुल्या, सगळ्या एकाच नाकाच्या, एकाच टकलाच्या, एकाच कंटाळलेल्या चेहऱ्याच्या.

"हे क्लोन," दादा म्हणाला. "एका माणसावरून काढलेली हुबेहूब माणसं. वो भेड़वाली न्यूज़ नहीं सुनी?" आदल्या वर्षी परदेशात कुठेशी मेंढीवरून मेंढी काढल्याची बातमी हिंदी पेपरात आली होती, आणि गल्लीच्या तोंडाशी चहाच्या दुकानात तिच्यावर महिनाभर चर्चा झाली होती. त्यामुळे क्लोन म्हणजे काय हे आमच्या भागात दूधवाल्यालासुद्धा ठाऊक होतं.

परभणीकडचा एक उंच विद्यार्थी होता, सगळ्यांत थोरला आणि सगळ्यांत खोडकर. त्याने एक बाहुली हातात घेऊन निरखली आणि म्हणाला, "यांना शेंडी लावली की झालो आम्ही." खोटं नव्हतं ते. आमच्याकडे येणाऱ्या यजमानांना सगळे विद्यार्थी सारखेच दिसत. एकाला दक्षिणा दिली की दुसऱ्याला नमस्कार करून जात.

खेळाचा नियम असा की सुरुवातीला प्रत्येकाने आपल्या लोकांचा इतिहास मोठ्याने वाचायचा. कुठून आले, कोणाच्या वंशातले, मधल्या ताऱ्यावर हक्क कसा. प्रत्येक जमातीची एक वेगळी पुस्तिका होती. आम्ही छतावर उन्हात बसलो होतो. लोखंडी माणसांचा इतिहास दादाने इंग्रजीत वाचून हिंदीत समजावला, आणि माझी पाळी यायच्या आत कठड्यावरून एक वानर उतरलं आणि क्लोनांची पुस्तिका घेऊन शेजारच्या छतावर जाऊन बसलं.

आता वानराशी देवघेव कशी करायची ते काशीत पोराटोरांना येतं. काहीतरी खायला टाकायचं, ते घेतं आणि हातातलं सोडतं. चश्मे, चपला, एकदा तर आत्याचा विग, सगळं आम्ही असंच सोडवलेलं. आईने खालून अमरूद आणून फेकला. वानराने अमरूद खाल्ला, बिया थुंकल्या, आणि मग निवांतपणे पुस्तिकेचं एकेक पान फाडून वाऱ्यावर सोडलं. गंगेच्या दिशेने गेली सगळी. आमच्या हाती फक्त वरचं कव्हर आलं. त्यावर काचेच्या बरण्यांत उभी असलेली तीच ती टकली माणसं.

"क्लोन बाद," दादाने निकाल दिला. "इतिहास नाही, वंश नाही, तर हक्क कसला? तू पाहिजे तर फासे उचलून दे."

माझा असा संताप झाला की मी त्याच्या लोखंडी राजावर पाय ठेवला. "इतिहास मी आणते," म्हटलं. "चतुर्दशीला ये."

"कुठून आणणार?"

"तुला काय करायचंय?"

आता मी एवढी इरेला का पेटले, तर त्याला आणखी एक कारण होतं. चारच दिवसांपूर्वी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू झालं होतं. शेजारच्या काकू आल्या होत्या. काकू मनाने वाईट नव्हत्या, पण त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि आईला म्हणाल्या, "पोर गोड आहे हो. पण पुढे कन्यादानाला उच्चार कुठल्या गोत्राचा करणार? मुलगा असता तर दत्तकविधान असतं. मुलीचं कुठे असतं?"

आईने त्यांच्या हातावर आणखी एक तिळगूळ ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "गोड बोला."

मला आई-बाबांनी घरी आणलं तेव्हा मला धड बसताही येत नव्हतं. हे आमच्याकडे कधी कोणी लपवलं नाही. घाटावर सगळ्यांना माहीत, मलाही माहीत, आणि तोवर त्यात काही खुपण्यासारखं आहे असं मला वाटलंच नव्हतं. त्या दिवसापासून मात्र काकूंचा प्रश्न डोक्यात घुसून बसला. बाबांना सरळ विचारायची छाती होईना. ते काय सांगतील याची भीती. शास्त्राच्या बाबतीत बाबा खोटं बोलत नसत, मग समोर कोणी असो. पण क्लोनांचं गोत्र विचारायला काय हरकत होती?

इतिहास मी आधी स्वयंपाकघरातून गोळा करायला घेतला. आई शेंगा सोलत होती. मी तिला कव्हर दाखवलं.

"सगळे एकसारखे?" ती म्हणाली. "मग यांच्या घरी स्वयंपाक सोपा. एकाला वांगं आवडत नसेल तर कोणालाच आवडणार नाही. दोन भाज्या करायला नकोत. पण शेवटची पोळी सगळ्यांना एकदमच हवी होणार. तिथे मारामारी."

ते मी लगेच घेतलं. क्लोनांची पहिली लढाई शेवटच्या पोळीवरून झाली.

मूळ माणूस कोण, ते मी ठरवलं. तो एका दूरच्या ताऱ्यावर दिवाबत्ती बघायला ठेवलेला एकटा माणूस. त्याचे मालक त्याला तिथे ठेवून विसरून गेले. एकट्याने सोंगट्या कोणाशी खेळायच्या, म्हणून त्याने बरणीत स्वतःसारखा दुसरा तयार केला. पण दुसऱ्याच्या मनात तीच खेळी यायची जी पहिल्याच्या. डाव कधी कोणी जिंकेना. म्हणून तिसरा केला, मग चौथा. असं करता करता तारा भरला आणि सोंगट्यांचा तो पहिला डाव अजून तसाच मांडलेला आहे. क्लोन मधला तारा मागतात तो राज्य करायला नव्हे. तिथे मूळ माणसाचं घर होतं, आणि त्यांना एकदा घरी जायचं आहे. सगळ्यांना त्या घरातली आई आठवते, आंब्याचं झाड आठवतं, झाडावरून पडल्यावर बसलेला धपाटा आठवतो. पण त्या आईने त्यांच्यापैकी कोणालाच कधी पाहिलेलं नाही.

एवढं सांगून मी कव्हर पालथं घातलं. उंच विद्यार्थी ऐकत होता. त्याने उगाच सांत्वन वगैरे केलं नाही. म्हणाला, "आठवण बरणीतून कशी येईल? संथा पाहिजे."

संथा म्हणजे आमच्याकडची शिकवण्याची पद्धत. गुरुजी एक ओळ म्हणतात, समोर बसलेला विद्यार्थी ती दोनदा म्हणतो, तशीच, त्याच स्वरात, मान त्याच ठिकाणी खाली, त्याच ठिकाणी वर. पुस्तकात बघायचं नाही. बाबांनी त्यांच्या गुरूंकडून असंच घेतलं, त्यांनी त्यांच्या. तेव्हा आमच्या इतिहासात असं ठरलं की नवा क्लोन बरणीतून कोरा निघतो. त्याला थोरल्या क्लोनासमोर बसवतात आणि आंब्याचं झाड, आई, धपाटा, सगळं संथा देऊन पाठ करून घेतात. तेव्हा कुठे तो क्लोन होतो. ही कल्पना त्या पोराची, पण बाबांनी ती ऐकली तेव्हा खूश होऊन त्याला जास्तीचा लाडू वाढला.

"पण मग त्यांना एकमेकांपासून ओळखायचं कसं?" मी विचारलं.

"चुकेवरून," बाबा म्हणाले. "प्रत्येकजण कुठेतरी एका ठिकाणी चुकतोच. मी डोळे मिटून बसलो तरी यातला कोण म्हणतोय ते मला चुकेवरून कळतं." मग त्यांनी डोळे मिटून सगळ्यांच्या चुका म्हणून दाखवल्या, ज्याची त्याची चूक ज्याच्या त्याच्या आवाजात, आणि जेवणाच्या पंगतीत हसून हसून एकाला ठसका लागला. तेव्हापासून क्लोनांची नावं चुकेवरून पडली. कोणाला आंब्याऐवजी चिंच आठवायची, कोणाला धपाटा डाव्या गालावर. तीच त्यांची ओळख.

सगळे हसत होते, तेवढ्यात मी विचारून टाकलं. "बाबा, क्लोनांचं गोत्र काय?"

बाबांचा स्वभाव असा की गंभीर गोष्टीत ते थट्टा करत आणि थट्टेच्या गोष्टीत कमालीचे गंभीर होत. त्यांनी पानातला हात थांबवला. "मूळ माणसाशी त्यांचं नातं काय, ते आधी ठरायला हवं," म्हणाले. "तो त्यांचा बाप की थोरला भाऊ?"

आणि हा प्रश्न ते दुसऱ्या दिवशी घाटावर घेऊन गेले. सकाळच्या उन्हात पायऱ्यांवर दोन वृद्ध शास्त्री अंगाला तेल लावत बसत. एकाचं म्हणणं पडलं की क्लोन हा जुळा भाऊच. एक आधी आला, दुसरा मागून, एवढंच. म्हणजे मूळ माणसाच्या बापाचं गोत्र. दुसरे म्हणाले, छे, तुळशीची फांदी खोचली आणि ती लागली तर ती काय पहिल्या तुळशीची बहीण का? तीच तुळस. मग तिसऱ्या कोणीतरी ज्याला गोत्र माहीत नाही त्याने काश्यप सांगावं ही जुनी सोय काढली. त्यावर पहिले भडकले. "ती सोय विसरलेल्यांसाठी. ज्यांना मुळात नव्हतंच त्यांच्यासाठी नव्हे." उन्हं पार माथ्यावर येईतो हे चाललं. नावाडी वल्ही टाकून ऐकत बसले. शेवटी दोघा शास्त्र्यांनी एकमेकांशी बोलणं बंद केलं, पण तेल एकाच वाटीतलं असल्यामुळे दुसऱ्या सकाळी पुन्हा सुरू केलं.

निकाल काही लागला नाही. "ज्यांना मुळात नव्हतंच" हे शब्द मात्र मी घरी घेऊन आले, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

चतुर्दशीला दादा आला. मी छतावर मधोमध मांडी घालून बसले आणि क्लोनांचा इतिहास म्हटला. पुस्तिका नव्हती, आणि पुन्हा वानराच्या हाती लागायला नको म्हणून मी मुद्दाम काही लिहून ठेवलं नव्हतं. सगळं तोंडपाठ. सोंगट्या, पोळी, आंबा, धपाटा. विद्यार्थी तर इतके रंगले की प्रत्येक वाक्य माझ्यामागून दोनदा म्हणायला लागले. दादाच्या लोखंडी माणसांचा इतिहास यापुढे अगदीच गंजका वाटला, आणि ते त्यालाही कळलं.

"ठीक है," तो म्हणाला. "गोष्ट चांगली आहे. पण वंश? नियमात लिहिलंय, वंश सांगावा लागतो. हे कोणाचे?"

इतके दिवस ज्याची भीती वाटत होती तेच आलं.

बाबा पलीकडे धोतर वाळत घालत होते. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "आमचे," म्हणाले.

"मामा, तुमचे कसे?"

"संथा या घरात झाली. आत्ताच ऐकली की तू. ज्या घरात संथा मिळाली ते घर त्यांचं. दत्तक घेतले आम्ही. गोत्र कौशिक. घे पुढे खेळ."

खालून आईचा आवाज आला. "इतक्यांना घेतलंत, जेवायला कोण वाढणार?"

"वांगं कर. ते कोणीच खात नाहीत," बाबा म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले, पण मला खरं तर बाबांच्या ओल्या धोतरात तोंड खुपसून रडायचं होतं. तरी मनात किडा होताच. खेळातल्या बाहुल्यांना गोत्र द्यायला काय लागतं? बाबा गमतीत बोलले असतील. गमतीतलं कन्यादानाला कसं चालेल?

माझे क्लोन मात्र जोरात होते. चतुर्दशीच्या दिवसाअखेर ते मधल्या ताऱ्याच्या दाराशी उभे होते. डाव तसाच झाकून ठेवला, कारण दुसऱ्याच दिवशी मौनी अमावास्या. त्या दिवशी काशीला पाऊल ठेवायला जागा नसते, शाळाही बंद असते, आणि आमच्या घरी दुपारपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही असा दंडक. दादाला कुठला दंडक? तो सकाळीच सायकल मारत आला. सगळे मौनात, म्हणजे खेळ खुणांनी. आणि त्या खुणाखुणीत उंच विद्यार्थी आणि दादा यांचं काहीतरी ठरलं. व्यापारी, खाणवाले आणि लोखंडी माणसं, तिघे मिळून माझ्या क्लोनांवर तुटून पडले. मी दात ओठ खाल्ले, जमिनीवर पाय आपटले, पण ओरडता येईना. बारा वाजायच्या आत निम्मे क्लोन आडवे झाले. मौन सुटल्याबरोबर मी जे बोलले ते ऐकून आईने मला आणखी मौन पाळायला लावलं.

प्रतिपदा गेली. द्वितीयेला सकाळी संथा सुरू व्हायची. मी दप्तर घेऊन शाळेला निघाले होते आणि ओसरीवर पाहते तर विद्यार्थी ओळीने बसलेले, आणि कोणी तोंड उघडत नाही. बाबांनी ओळ म्हटली. शांतता. पुन्हा म्हटली. उंच विद्यार्थ्याने हात जोडले. चेहरा अगदी दुखवट्याचा.

"गुरुजी, आपल्याकडे सुतक आहे."

"कोणाचं?"

"क्लोनांचं. आपण त्यांना दत्तक घेतलंत. गोत्र दिलंत. अमावास्येला बरेच गेले. दहा दिवस आपल्याला शिकवता येणार नाही."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या भामट्यांनी दादाशी खुणा करून माझे क्लोन कापले होते ते तारा जिंकायला नव्हे. दहा दिवसांची सुट्टी काढायला. आई आतून बाहेर आली. "अभद्र बोलू नये सकाळी सकाळी," म्हणाली, पण तिलाही हसू आवरत नव्हतं.

मला हसू येत नव्हतं. मी दप्तर धरून दारातच थांबले. कारण यावर कोणताही शहाणा माणूस काय म्हणेल ते मला माहीत होतं. अरे, ते का खरे आपले होते? गंमत होती ती. उघडा तोंडं. एवढंच म्हणायचं होतं बाबांना. संथा सुरू झाली असती, मी शाळेत गेले असते, आणि काकूंच्या प्रश्नाचं उत्तर मला कायमचं मिळालं असतं.

बाबांनी विद्यार्थ्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "गेलेले कुठे आहेत?"

कोणीतरी डब्याच्या झाकणात घालून क्लोन आणले. बाबांनी चश्मा लावला, एक क्लोन उचलला, उजेडाकडे धरून फिरवला. मग दुसरा. मग तिसरा. सगळ्यांची तोंडं बघितली.

"सुतक आहे," बाबा म्हणाले. "आपलेच ते. त्यात शंका नाही."

विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर दिवाळी. एकाने तर शेंडी सोडून सैल केली.

"पण यांना दात दिसत नाहीत," बाबा पुढे म्हणाले. "कोणालाच नाहीत. दात येण्याआधी गेलेल्याचं सुतक दहा दिवस नसतं. नुसत्या स्नानाने फिटतं. चला उठा. ज्यांनी मारलं त्यांनी आधी उतरायचं. घरी बंबाचं पाणी नाही, गंगेवर. आल्यावर संथा."

माघ नुकता लागला होता. धुकं इतकं की समोरचा वाळूचा किनारा सोडा, बांधलेल्या नावासुद्धा दिसत नव्हत्या. ते सगळे वीर पंचे नेसून कुडकुडत ओळीने पायऱ्या उतरले, आणि एकेक पाण्यात गेला की धुक्यातून नुसती हाय हाय ऐकू येई. उंच विद्यार्थी बुडी मारून वर आला तेव्हा त्याचे दात असे वाजत होते की बाबा म्हणाले, "ह्याला दात आहेत. ह्याचं सुतक पूर्ण धरावं लागेल." बाबाही उतरले. त्यांना आधीच सर्दी होती, आईने नको नको म्हटलं होतं, पण नियम म्हणजे नियम. मी गणवेशावर स्वेटर, कानटोपी घालून वरच्या पायरीवर सगळ्यांचे कोरडे कपडे सांभाळत उभी होते, आणि त्या भामट्यांची फजिती बघून मला उकळ्या फुटत होत्या.

तेवढ्यात शेजारच्या काकू तांब्या घेऊन उतरल्या. पाहतात तर पाठशाळेची पाठशाळा पाण्यात, आणि वेळ तर स्नानाची केव्हाच टळलेली. त्यांचा चेहरा उतरला.

"अगंबाई, काय झालं हो? सुतक का? कोण गेलं?"

बाबा नुकते बाहेर येत होते. अंगातून वाफा निघत होत्या. "घरचेच," म्हणाले.

"घरचे? घरचे कोण?"

बाबांनी माझ्याकडे हात केला. "हिच्या पाठचे भाऊ."

काकूंना काही अर्थबोध झाला नाही. त्या एकदा बाबांकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना नंतर काय सांगायचं ते आईने सांगितलं असेल. मला त्या क्षणी काकू दिसतच नव्हत्या. बाबा पंचा पिळता पिळता थांबले होते आणि माझ्यावर डोळे वटारत होते.

"आणि तू काय कोरडी उभी आहेस? सुतक तुला नाही का? घरातलीच ना तू? ठेव ते कपडे. उतर."

"बाबा, शाळा."

"शाळा उद्या. आधी उतर."

मी कानटोपी काढली, स्वेटर काढला, चपला काढल्या आणि गणवेशासकट उतरले. पहिल्याच पायरीला पाय बधिर झाला. पाण्यातून विद्यार्थी ओरडून मला चिडवत होते. इतकं थंड पाणी मी त्याआधी कधी अंगावर घेतलं नव्हतं. बाबा वर उभे राहून बुड्या मोजत होते, आणि त्यांनी पुरे म्हटल्यावरही मी आणखी एक मारली.